अळणी तोंड

पहिल्यांदा बघितलं ते अंगदनं.

जेवणाच्या टेबलावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं होतं आणि त्यावर अण्णांचा फोटो ठेवला होता. वर काच नाही, भोवती फ्रेम नाही. अंगदचे वडील बंकटराव देवाघरी जाऊन उद्या पन्नास वर्षं होणार होती आणि एवढ्या वर्षांत त्यांना असं उघडं कुणी पाहिलं नव्हतं. समोर सटवाजी फोटोवाल्याची नात चैताली बसली होती. तिनं काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, काडी तोंडात घातली, जिभेवरून दोनदा फिरवली, आणि तो ओला कापूस अण्णांच्या उजव्या गालावर गोल गोल फिरवायला लागली.

अंगद सकाळीच बीडहून आला होता. हातात चहाचा कप होता. तो त्यानं टेबलावर ठेवला नाही की कुणाच्या हातात दिला नाही. तो सुटला.

"ए पोरी," तो म्हणाला. "काय करायलीस तू?"

"धुराचा थर काढतेय, काका." चैतालीनं मान वर केली नाही. "उदबत्तीचा, निरांजनाचा. पन्नास वर्षांचा आहे, चिवट झालाय."

"थुंकून?"

"थुंकून नाही. लाळ लावून."

यातला फरक अंगदच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. कप फुटल्याच्या आवाजानं स्वयंपाकघरातून द्वारकावहिनी आल्या, पिठाच्या हातानं. ओसरीवर मांडववाल्याशी बोलत असलेले आबासाहेब आले. जिन्यावरून त्यांचा मुलगा पवन उतरला. चैतालीला बोलावलं होतं त्यानंच. फोटो स्वच्छ करून, स्कॅन करून, मोठा बनवून उद्या दिंद्रुडच्या शाळेला भेट द्यायचा, ही कल्पना त्याची. चैताली त्याच्या वर्गात होती, आता संभाजीनगरला जुनी चित्रं आणि फोटो दुरुस्त करायचं काम करते, आणि मूळचा फोटो तिच्याच आजोबांच्या हातचा. पवनला हे सगळं फार छान जुळून आल्यासारखं वाटत होतं. आतापर्यंत.

"दादा, हिनं अण्णाच्या तोंडाला थुंकी लावली," अंगद म्हणाला.

आबासाहेबांनी आधी भावाकडं बघितलं, मग काडीकडं, मग पोरीकडं. सकाळी ती आली तेव्हा त्यांनीच हसून तिला आत घेतलं होतं. "ये, ये. तुझ्या आजोबाकडं माझा एक फोटो राहिलाय बरं का," असं म्हणाले होते. "चौदा वर्साचा होतो. दुपारभर स्टुलावर बसवलतं मला. हलू नको, पापणी पाडू नको. अन् फोटो काय आला न्हाई, आजपोत." पोरगी हसली होती. तेही हसले होते. त्याला चार तास झाले नव्हते.

"आबा, अशीच पद्धत असते," पवन घाईनं म्हणाला. "मोठ्या मोठ्या ठिकाणी असंच करतात. सांग ना चैताली."

चैतालीनं काडी बशीत ठेवली. ती समजावून सांगू लागली, आणि तिचं चुकलं ते इथंच. शिकलेल्या माणसाला वाटतं, नीट सांगितलं की समोरचा शांत होतो.

"पाण्यानं पुसलं तर रंग उठतो, काका. स्पिरिटनं तर सगळंच जाईल. लाळेनं मळ तेवढा सुटतो. ह्यात अपमान काही नाही. आजीनं तर हा फोटो तयार करतानाच..."

ती थांबली. पण थांबायला उशीर झाला होता.

"तयार करताना काय?" द्वारकावहिनींनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, दूध किती घालू विचारावं तसा.

"रंगवायच्या आधी कागद तयार करावा लागायचा, काकू. आजोबा मुद्दाम फिकट प्रिंट काढायचे. काळी कुळकुळीत असली तर वर रंग दिसत नाही. मग ती औषधाच्या पाण्यात बुडवून तपकिरी करायचे, म्हणजे कातडीचा रंग जिवंत वाटतो. पण कागद गुळगुळीत, तुकतुकीत. रंग पाण्यातले. ब्रश टेकवला की थेंब पळणार, तेल चोपडलेल्या डोक्यावरून पळतो तसा. म्हणून आधी कागद चाटायचा."

"चाटायचा," अंगद म्हणाला.

"कडेपासून कडेपर्यंत. मग वाळवायचा, मग रंग. आजोबांना हे बीडच्या एका उस्तादानं शिकवलं, त्यांच्याकडं निजामाच्या वेळेपासून असंच चालायचं. पण आजोबा पान खायचे. पानाच्या तोंडाचा डाग पडतो. म्हणून ते काम आजीचं."

"कौसाबाईचं," आबासाहेब म्हणाले.

"हो."

बाहेर मांडववाला कुणाला तरी दोरी धरायला सांगत होता.

"दुसरं काय लावत न्हवते का?" द्वारकावहिनींनी विचारलं. "डिंक, बिंक?"

"अंड्याचा पांढरा बलक लावायचे की. तो सगळ्यांत चांगला. पण तुमचं घर माळकरी." चैताली आता बशीतल्या काडीकडं बघत बोलत होती. "आजी सांगायची, तुमच्या घरून निरोप आलता, आमच्या माणसाच्या फोटोला अंडं लावायचं न्हाई. म्हणून मग..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. सोवळ्यासाठी अंडं नाकारलं आणि त्याच्या बदल्यात घरात जे आलं, ते देवघरात चंदनाच्या हारासकट पन्नास वर्षं उभं होतं, हे एवढं सगळं एका घोटात गिळायचं म्हणजे कुणालाही जड जाईल.

द्वारकावहिनी खुर्चीवर बसल्या. पिठाचे हात त्यांनी मांडीवर उलटे ठेवले.

"मी चाळीस वर्सं रोज अंघोळ करून, ओल्या केसानं ह्याला गंध लावते," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकराला ताप आला तरी आधी ह्याला गंध. नैवेद्य दावते. त्यो नैवेद्य आपन खातो."

"उष्ट्याला," अंगद म्हणाला.

"अंगद," आबासाहेब म्हणाले.

"न्हाई दादा, खरं ते बोलावं. मी जातीचं काय म्हणत न्हाई. आमच्या ऑफिसात सगळे एकत्र डबा खातो आमी. पण तोंड ते तोंड. देव्हाऱ्यातल्या वस्तूला तोंड लावायचं म्हणजे..."

"तोंड दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं का, काका?" चैतालीनं विचारलं.

अंगदनं उत्तर शोधलं. त्याच्यापाशी एक उत्तर होतं, पण ते घराबाहेर काढण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली. लग्नानंतर घरात त्यानं पहिल्यांदाच काही उचललं असेल.

आबासाहेब मात्र उभेच होते. त्यांना आठवत होतं की दर चौदा एप्रिलला विहारापुढच्या मांडवात त्यांचं भाषण असतं. तिथं ते खीर खातात, दोनदा मागून घेतात. आता या घटकेला काय बोलायला हवं ते त्यांना शब्दाशब्दानं पाठ होतं. ते शब्द तोंडाशी येईनात. त्याऐवजी डोक्यात एकच चित्र फिरत होतं. कुणाची तरी जीभ अण्णांच्या कपाळावरून, नाकावरून, मिशीवरून, त्या डोळ्यांवरून. ज्या डोळ्यांपुढं ते आयुष्यात एकदाही खोटं बोलले नव्हते. निवडणुकीचा फॉर्म भरायला जाताना, जमिनीची वाटणी करताना, पवनला पहिली आणि शेवटची थोबाडीत मारताना, दर वेळी ते त्या डोळ्यांपुढं उभे राहिले होते. बघ, आजोबा बघायलेत, असं पवनला म्हणायचे.

"पवन," ते म्हणाले, "ह्यो फोटो आता देवघरात जाणार न्हाई."

"आबा, उद्या कार्यक्रम आहे."

"कंप्युटरवर काढ नवा. ह्याला सांजच्याला सिंदफणेत सोडून ये. भंगलेली मूर्त सोडतो तसं. नीट, फुलं वाहून."

"तिला मी बोलावलंय. घरी बोलावून..."

"तिला काय म्हणालो का मी? तिचा मान तिला. फोटोचं बोलायलो."

चैतालीनं कापसाची पिशवी बंद केली. समोर अण्णांचा चेहरा बरोबर अर्धा राहिला होता. उजवीकडं गव्हाळ गाल, गुलाबी फेटा, लखलखीत डोळा. डावीकडं काजळी, आणि काजळीच्या आत बुडालेला दुसरा डोळा. अर्धं काम टाकून जायची तिला सवय नव्हती. पण या गालावर आता तिची काडी पुन्हा टेकणार नव्हती.

"एक सांगून जाते," ती म्हणाली. "आजी असल्या कामाच्या आधी दोन दिवस मीठ खायची नाही. तिखट नाही, मिसरी नाही. दूध-भाकरी तेवढी. मिठाच्या तोंडानं रंग फाटतो म्हणायची. आमच्या घरी लग्नसराईला अळणी महिना म्हणायचे, एवढे फोटो यायचे रंगवायला. सगळ्या गावाचे आजोबा-पणजोबा तिच्या अळणी तोंडातून गेलेत. सिंदफणा पुरायची नाही, काका."

द्वारकावहिनींच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निसटलं. त्यांनी ते लगेच पदरात घेतलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वॉकरची टकटक ऐकू आली. केशरबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि पलंगापासून दारापर्यंत यायला त्यांना एक आख्खी आरती लागायची, पण कान शाबूत होते. त्या दारात येऊन थांबल्या. टेबलावरचा उघडा फोटो बघून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पन्नास वर्षांनीही.

"कोन काय सोडायलंय नदीत?" त्यांनी विचारलं.

"माय, तू कावून उठलीस? बस. ह्यो फोटो चांगला न्हाई राहिला," आबासाहेब म्हणाले. "उष्टा हाय त्यो. कौसाबाईनं..."

"चाटला. ठाव हाय मला."

आबासाहेब तिच्याकडं वळले.

"तुला ठाव हाय?"

"सोड नदीत. माझं काय न्हाई." केशरबाई वॉकर सरकवत टेबलापाशी आल्या. "पर तुझे डोळे तेवढे काढून घे आबा आधी. ते तुझे हायत."

कुणाला काही समजलं नाही. द्वारकावहिनींना वाटलं, सासूबाईंना उन्हाचा त्रास झाला. त्यांनी खुर्ची पुढं केली.

"आत्याबाई, बसा."

त्या बसल्या. मग पाच दशकं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी भाजी निवडत बोलावं तसं सांगितलं.

"ह्यो फोटो दसऱ्याचा न्हाई."

"माय, तूच सांगितलंस," अंगद म्हणाला. "दसऱ्याला सोनं वाटून येताना अण्णा सटवाजीच्या दुकानात बसले म्हणून."

"सांगितलं. तू चार वर्साचा, ह्यो चौदाचा. काय सांगू मग? तुमचा बाप जिवंतपनी कधी फोटोला बसला न्हाई. फोटोनं माणसाचं वय घटतं म्हणायचा. अन् अडतिसाव्या वर्सी तेलगावच्या बाजारात छातीत कळ येऊन गेला, फोटो न काढताच. घरी आनला तवा थोरले दीर म्हणाले, पोरांना बाप कसा व्हता ते दिसाया पायजे. सटवाजीला बोलावलं. भिंतीला टेकवून बसवला, फेटा बांधला, मागून दोघांनी धरला. तवाचा ह्यो फोटो."

अंगदच्या हातातला कपाचा तुकडा पुन्हा जमिनीवर पडला.

"मेल्यावरचा?" पवननं विचारलं.

"डोळे मिटलेले व्हते. उघडेनात."

आबासाहेब टेबलाची कड धरून उभे होते. फोटोतला उजवा डोळा त्यांच्याकडं बघत होता, जसा तो नेहमी बघायचा.

"दोन दिवसांनी कौसा आली," केशरबाई म्हणाल्या. "गोठ्याच्या दारानं. तवा दुसरं दार तिला न्हवतं. पदराखाली फोटो. म्हणली, मालकीणबाई, सगळं होईल, पर डोळे कसे व्हते ते सांगा. घारे का काळे, बारीक का मोठे. अन् मला सांगता येईना." त्या थोडं थांबल्या. "पंधरा वर्सं संसार केला. आमच्या टायमाला नवऱ्याच्या डोळ्यात कोन बघत व्हतं? मी त्यांचे पाय वळखायची, खोकला वळखायची. डोळे न्हाई. पर पोराच्या डोळ्यात मी रोज बघायची. अन् सगळा गाव म्हणायचा, आबाचे डोळे बापाचे. मग कौसाला म्हणलं, पोरगं पाठवते. बघून काढ."

"स्टुलावर," आबासाहेब म्हणाले.

"तुला म्हणलं, शाळंसाठी फोटो काढायचाय. न्हाई तर तू बसला असतास का? कौसानं दुपारभर बसवलं तुला, सटवाजीच्या रिकाम्या क्यामेऱ्यासमोर. ती पडद्याआडून बघून रंगवत व्हती."

चैतालीनं पिशवी परत टेबलावर ठेवली. हे तिला आजीनं कधी सांगितलं नव्हतं.

"अन् उष्ट्याचं म्हणतोस," केशरबाई म्हणाल्या, "तर डोळ्याच्या जागंचा रंग धरंना. तिथं परत चाटायचं व्हतं. कौसा म्हणली, मालकीणबाई, एवढ्या जागंला तुमी लावा. माझं पोट तसंबी चार दिवसाचं रिकामं, मीठ कुठलं? गोठ्यात म्हशीच्या आडोशाला बसून लावलं मी. आधी तिनं लावलेलं व्हतं, त्यावरच. एका ताटात आमी दोघी कधी जेवलो न्हाई. तिला मी कधी आतल्या दारानं बोलावलं न्हाई, अन् माझी हिंमत बी झाली न्हाई. पर तुमच्या बापाला डोळे दिले ते आमी दोघींनी, गोठ्यात. आता सोडा नदीत."

आबासाहेब हळूच खुर्चीत बसले आणि वाकून त्या उजव्या डोळ्याकडं बघू लागले. अण्णांची नजर कडक, असं सगळे म्हणायचे. पाहुणे म्हणायचे, शाळेचे हेडमास्तर म्हणायचे. आता जवळून, काचेशिवाय, त्यांना दिसलं की ती कडक नव्हतीच. ते एका चौदा वर्षांच्या पोराचे डोळे होते. दोन-तीन दिवसांपूर्वी बाप गेलेला. पापणी पाडू नको म्हणून सांगितलेलं. पाणी येईल म्हणून ताणून धरलेले.

पन्नास वर्षं ते ज्याला घाबरले तो हा पोरगा होता.

"वहिनी," अंगद म्हणाला, "मी उगं ओरडलो." ते त्यानं वहिनीला सांगितलं, कारण चैतालीकडं बघायची ताकद त्याच्यात नव्हती.

"मला कावून सांगता, भावजी," द्वारकावहिनी म्हणाल्या. त्या उठल्या आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी गंध लावायची थांबणार न्हाई. आधीच सांगून ठेवते. चाळीस वर्सं ज्यानं ऐकलं त्याला नदीत टाकाया मी काय येडी न्हाई."

आबासाहेबांनी मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही. मग ते चैतालीला म्हणाले, "डावा डोळा राहिलाय."

"राहिलाय."

"कर की पुरा."

चैतालीनं पिशवीतून डबा काढला. झाकण उघडलं, भाकरीचा तुकडा मोडला, मिरचीच्या ठेच्यात बुडवला आणि शांतपणे तोंडात घातला. चावला. गिळला. तिचे डोळे पाणावले, तिखटानं असेल.

"माझं तोंड खारट झालं, काका," ती म्हणाली. "आता माझं चालायचं नाही."

हे ज्याला समजायचं त्याला समजलं. द्वारकावहिनी तिला ताट वाढायला म्हणून निघाल्या होत्या. त्या थांबल्या आणि नुसतं पाण्याचं तांब्या-भांडं आणून तिच्या डब्याशेजारी ठेवलं.

"मायचं चालंल?" आबासाहेबांनी विचारलं.

"माझ्या तोंडाला आता लाळ कुठली रे," केशरबाई म्हणाल्या. "गोळ्यांनी सगळं सुकलं."

"मग मी?"

चैतालीनं त्यांच्याकडं बघितलं. सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची पुडी डोकावत होती. तिनं तिकडं बोट केलं.

आबासाहेबांनी पुडी काढली. सुपारीची डबी काढली. चुन्याची पण काढली. तिन्ही पवनच्या हातात दिली. मग ते मागच्या नळावर गेले. चूळ भरल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले, एवढे की मांडववाल्यानं विचारलं, साहेबांना उलटी होतीय काय.

"नुसतं धुवून भागत नाही," ते आले तेव्हा चैताली म्हणाली. "चार तास तरी मीठ-तिखट काही नको."

"ताटं वाढलीत मी," द्वारकावहिनी म्हणाल्या. "वरण, वांगं, सगळं फोडणीचं. अळणी घरात काय हाय आता? दूध-भाकरी."

"दे."

आबासाहेब जेवायला बसले. दूध-भाकरी कुस्करून, मान खाली घालून, लहान पोरासारखे जेवले. अंगदनं वांग्याची वाटी पुढं ओढली, मागं सरकवली, पुन्हा ओढली. शेवटी म्हणाला, "मला बी दूधच द्या वहिनी. एकटं कुठं ठेवता दादाला." चैताली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपला डबा खात होती. ठेचा तिनं सगळा संपवला.

चार वाजता ऊन टेबलावर आलं. चैतालीनं नव्या काडीला नवा कापूस गुंडाळला आणि आबासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडात घातला. ओला झालाय का म्हणून बाहेर काढून बघितला, पुन्हा घातला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी कापूस टेकवला आणि थांबले.

"गोल फिरवा," चैताली म्हणाली. "दाबू नका."

त्यांनी फिरवला. कापूस काळा झाला. त्या काळ्याखालून तपकिरी बुबुळ वर आलं, आणि बुबुळाच्या कडेला ब्रशच्या टोकानं दिलेला पांढरा ठिपका. ओलं दिसावं म्हणून दिलेला.

केशरबाई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

"हळू," त्या म्हणाल्या. "तुझाच डोळा हाय."